चिरागनगरचा कादंबरीकार

मराठी कथा-कादंबरीचा इतिहास चाळताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. हे वाङ्मय बहुतांशी पगारदारांनी लिहिलेले आहे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. ना. सी. फडके प्राध्यापक होते, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवीत, अरविंद गोखले कृषी महाविद्यालयात होते, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीवर. वर्ग संपल्यावर, कचेरी सुटल्यावर, रविवारच्या दुपारी किंवा पहाटेच्या निवांत तासात आपल्याकडील कथा लिहिली गेली. यात कमीपणा काहीच नाही. महिन्याच्या एक तारखेला पगार येणार असला म्हणजे लेखकाला घाई नसते, मजकूर पुन्हा लिहिता येतो, एखादी कथा वर्षभर टिपणवहीत पडू देता येते. या सवलतीचा मराठी कथेला पुष्कळ फायदा झाला. मात्र लेखक म्हणजे फावल्या वेळात लिहिणारा सुस्थित गृहस्थ, ही समजूतही तिनेच रूढ केली; आणि या समजुतीत न बसणारा लेखक समोर आला की त्याच्या लेखनाऐवजी त्याच्या दारिद्र्याविषयीच बोलण्याची खोडही आपल्याला लागली.

अण्णाभाऊ साठे यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. १ ऑगस्टला त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, अठराविसे दारिद्र्य, दीड दिवसाची शाळा आणि झोपडीतला संसार यांची उजळणी होते, पोवाडे म्हटले जातात. घाटकोपरच्या त्या झोपडीत बसून हा माणूस काय करीत होता, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो कादंबऱ्या लिहीत होता. एक संपली की दुसरी, आणि दुसरी संपण्याआधी मनात तिसरी. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या तीसच्या वर भरते, कथासंग्रह डझनाहून अधिक आहेत, त्यांवर लोकनाट्ये, पोवाडे, लावण्या, नाट्यलेखन आणि एक प्रवासवर्णन. आणि हे सारे करणारा माणूस वयाची ४९ वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे उरले असता वारला.

घाटकोपर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गालगत चिरागनगर आहे. हा मार्ग पूर्वी आग्रा रोड म्हणून ओळखला जाई. मुंबई बेटाच्या बाहेर, गिरणगावापासून दूर, कारखान्यांच्या आणि टेकड्यांच्या आधाराने जी वस्ती वाढत गेली तिच्यातलाच हा एक भाग. जवळजवळ दोन दशके अण्णाभाऊ येथे राहिले. त्यांच्या एका कथासंग्रहाच्या नावातच ही वस्ती आहे: ‘चिरागनगरची भुतं’. मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर शनिवारवाडा आला, गिरगाव आले, कोकणातली गावे आली. उपनगरातल्या झोपडपट्टीचे नाव इतक्या सहजपणे तेथे कोणी नेऊन ठेवले नव्हते.

त्यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १९२० साली, वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. मातंग समाजावर त्या काळी गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का होता आणि गावोगाव पोलिसपाटलाकडे हजेरी लावण्याची सक्ती होती. शाळेशी संबंध आला तो जेमतेम दीड दिवसाचा. १९३१-३२ च्या सुमारास हे कुटुंब वाटेगावाहून निघून, वाटेत मिळेल ते काम करीत, दोनशेहून अधिक मैल पायी चालून मुंबईत पोचले. भायखळ्याच्या चाळीत बस्तान बसले. हमाली, फेरीवाल्यामागे गाठोडे वाहणे, गिरणीतली नोकरी असे सर्व काही मुलाने केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचत वाचत तो अक्षरओळख करून घेत होता. या हकिगतीतील करुण भाग आपण नेहमी सांगतो. तिची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. पाटी आणि भित्तिपत्रक यांचा धर्मच असा, की जाणाऱ्या-येणाऱ्याला क्षणात थांबवावे, थोडक्यात सांगावे आणि ठळक अक्षरांत सांगावे. अशा पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या लेखकाच्या कथांना पहिल्याच वाक्यात घटना हवी असते, यात नवल नाही.

दुसरी शाळा शाहिरीची. दादरच्या कोहिनूर गिरणीतली नोकरी, संप, माटुंग्याची लेबर कॅम्प आणि कम्युनिस्ट पक्ष या मार्गाने अण्णाभाऊ सभामंचावर आले. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. या तिघांनी गिरणगावातील मैदाने गाजविली हे सर्वश्रुत आहे. तमाशातली गणाची जागा त्यांनी ठेवली, पण गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन केले. गवळण आणि मावशी गाळली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा त्याच आकृतीला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळाले आणि ते रुजले. नाव बदलून कायद्याच्या बगलेतून निसटणारा हा मिस्कीलपणा ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ यांच्या लेखकाला शोभणाराच होता.

शाहिराचा श्रोता खुर्चीला बांधलेला नसतो. पाळी संपवून थकून आलेला कामगार उघड्यावर उभा असतो; कंटाळा आला तर तो उठून जात नाही, नुसता चालू लागतो. त्याला धरून ठेवायचे तर प्रसंगामागून प्रसंग यायला हवा, पात्र बोलू लागताच कोण बोलतो ते कळले पाहिजे, आणि हसू व चीड यांचे अंतर फार असता कामा नये. अण्णाभाऊंच्या गद्याचे जवळजवळ सर्व गुण या उघड्या मैदानात तयार झाले. त्यांची वाक्ये आखूड आहेत. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वारणेकाठच्या बोलीत, ही विभागणी ते सहसा मोडीत नाहीत. वर्णन असले तर चार ओळींत डोंगर, वारा, पाऊस उभा करून ते माणसांकडे वळतात. पुढल्या काळात त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट आले याचे आश्चर्य वाटू नये. त्या मुळातच दृश्यांच्या साखळीने रचलेल्या होत्या.

पक्षाच्या ‘मशाल’ या साप्ताहिकात १९४९ मध्ये त्यांची ‘माझी दिवाळी’ ही पहिली कथा आली. तेव्हा ते शाहीर म्हणून मुंबईभर ठाऊक होते. असा नामांकित शाहीर एकांतातल्या गद्याकडे का वळावा? पोवाडा प्रसंगावर स्वार होतो आणि प्रसंगाबरोबर उतरतो. संप मिटतो, निवडणूक संपते, नवा पोवाडा हवा असतो. अण्णाभाऊंना जी माणसे सांगायची होती, ती मात्र एका रात्रीच्या कार्यक्रमात मावणारी नव्हती. गावकुसाबाहेरचा माणूस मराठी गद्यात आला होता तो बहुधा दयेचा विषय म्हणून, किंवा पार्श्वभूमीतील एक काळी आकृती म्हणून. त्याला नायकाचे माप द्यायचे तर कादंबरीएवढी जागा लागते.

ती जागा सर्वांत मोठी मिळाली ‘फकिरा’मध्ये. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा नायक कल्पनेतला नाही. फकिरा हा वाटेगावचाच, साठ्यांच्या नात्यागोत्यातला माणूस. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी त्याने लुटीतले सुरती रुपये बाळंतिणीच्या घरी दिले, अशी आठवण सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, लेखकाच्या कानांवर लहानपणापासून या माणसाच्या गोष्टी पडत होत्या आणि त्या सांगणारे लोक त्याला दरोडेखोर म्हणत नव्हते, हे महत्त्वाचे. सरकारी दप्तरात जो गुन्हेगार, तो वस्तीच्या आठवणीत दाता. कादंबरीचे बीज या दोन नोंदींच्या विसंगतीत आहे.

येथे लेखकाची कारागिरी पाहण्यासारखी आहे. कादंबरी फकिरापासून सुरू होत नाही. ती त्याच्या बापापासून, राणोजीपासून सुरू होते. शेजारच्या शिगावची जोगणी जो गाव पळवील त्या गावाला जत्रेचा मान, अशी रीत. राणोजी ती जोगणी आणतो आणि शिगावच्या खोताच्या हातून मारला जातो. तोही शीव ओलांडल्यावर, म्हणजे रीतीचा भंग करून. पुढे दुष्काळ येतो, साथ येते, हजेरीचा जाच वाढतो, उपाशी माणसांसाठी फकिरा धान्य आणि खजिना लुटतो. आता पहा, बापाचे बलिदान गावाच्या मानासाठी होते आणि लेकाचे बंड पोटासाठी. एका पिढीत शौर्याचा अर्थच बदलला. हे लेखक कोठेही सांगत बसत नाही. रचनेतूनच ते उमटते. शिवाय या कादंबरीत मातंगांच्या पाठीशी उभे राहणारे विष्णुपंत कुलकर्णी आहेत. जातीवरून सज्जन-दुर्जन ठरविण्याचा सोपा मार्ग सर्वांत जास्त छळ सोसलेल्या समाजातल्या या लेखकाने टाळला.

पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेले आहे आणि प्रस्तावना वि. स. खांडेकरांची आहे. कम्युनिस्ट शाहीर, आंबेडकरांना अर्पण, खांडेकरांचा पुरस्कार: या तीन गोष्टी एकाच मुखपृष्ठाआड नांदताना पाहून पुढे अनेक पंडितांना अवघडल्यासारखे झाले. अण्णाभाऊंना त्यात विसंगती वाटली असावी असे दिसत नाही. १९६१ मध्ये राज्य शासनाचे पारितोषिक या कादंबरीला मिळाले.

घाटकोपरला राहणारा लेखक वारणेच्या खोऱ्याविषयीच का लिहीत राहिला, असा प्रश्न विचारला जातो. चिरागनगरसारख्या वस्त्यांची जडणघडण ज्याने पाहिली त्याला तो पडणार नाही. मुंबईची झोपडपट्टी ही नुसती शहराची कड नव्हे. ती अनेक गावांची एकत्र येऊन पडलेली कड असते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेला माणूस गिरणीत, गोदीत, खाणीत राबत असे, पण भांडण, लग्न, नवस आणि वैर ही गावाकडून बरोबर घेऊन येई. वारणेकाठची बोली चिरागनगरात ऐकू येत होती. त्यामुळे आठवणीतला गाव आणि दारातली वस्ती यांत या लेखकाला फारशी भिंत नव्हती.

तरीही त्यांच्या वाङ्मयात एक वाटणी दिसते. ‘चित्रा’सारखा अपवाद सोडला तर त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या गावाकडच्या आहेत, आणि मुंबई येते ती प्रामुख्याने कथेत. गावाकडे त्यांना वीर सापडतो: फकिरा, ‘वारणेचा वाघ’मधला सत्तू. मुंबईत वीर सापडत नाही. तेथे फक्त जगण्याची धडपड करणारा माणूस असतो. वीराला कादंबरीचा पल्ला लागतो, धडपडीला कथेचा आवाका पुरतो. ही निवड त्यांनी हिशेब मांडून केली असेल असे नव्हे, परंतु ती अचूक होती. ‘बरबाद्या कंजारी’ या कथेत मुंबईच्या वस्तीत राहणारा कंजारी बाप आपल्या मुलीसाठी जातपंचायतीपुढे उभा ठाकतो. हा माणूस फकिराइतकाच निर्भय आहे, फक्त त्याच्या पराक्रमाला झोपड्यांमधल्या मोकळ्या जागेएवढेच रणांगण मिळालेले आहे.

आणि मग ‘स्मशानातील सोनं’. मराठीतल्या मोजक्या थोर कथांमध्ये हिची गणना व्हावी. वारणेकाठचा भीमा, धिप्पाड, ताकदवान, मुंबईच्या उपनगरात, जंगलाच्या कडेला असलेल्या दगडखाणीत कामाला लागतो. पवई, चांदिवली, कांदिवली या भागांत पूर्वी किती खाणी होत्या हे जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. मुंबईच्या इमारतींची खडी तेथून जात असे. खाण बंद पडते. भीमा हिंडत असताना नदीकाठच्या राखेत त्याला सोने सापडते आणि एक धंदाच गवसतो: रात्री स्मशाने धुंडाळायची, राख चाळायची, पुरलेली प्रेते उकरायची. जिवंत माणसांच्या जगाने काम नाकारले, तेव्हा मेलेल्यांच्या जगाने ते दिले. एका रात्री प्रेतावर कोल्हे तुटून पडलेले असतात. भीमा त्यांच्याशी झुंजतो, जिंकतो, आणि प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे मेलेल्या जबड्यात अडकतात. दोन बोटे जातात. आणि तेव्हाच कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. डोंगर फोडणारी बोटे गेलेला भीमा लहान मुलासारखा रडतो.

या कथेत लेखक भीमाची बाजू मांडत नाही, त्याला दोषही देत नाही. समाजावर एकही भाषण नाही. शाहिराने येथे डफ खाली ठेवला आहे. भीमाच्या तोंडी किंवा मनात जो विचार येतो तो एवढाच, की उपाशी मरणाऱ्यांपेक्षा दागिन्यांसह जाळले जाणारे मढे बरे. कोल्ह्यांशी झुंज हा भाग अंगावर शहारे आणतो, पण कथेचा खरा कणा रोजगार हा आहे. खाण बंद होणे आणि सुरू होणे या दोन घटनांच्या कंसात सारी भीषणता बसविलेली आहे. खाण कोणी बंद केली, का केली, पुन्हा का उघडली, याचा पत्ता भीमाला नाही आणि लेखकही तो देत नाही. कामगाराच्या आयुष्यात असे निर्णय पावसासारखे वरून येतात. मुंबईच्या उपनगराचे याहून भेदक चित्र मराठीत क्वचितच असेल, आणि ते त्या उपनगरात राहणाऱ्यानेच काढले आहे.

आपल्या लेखनाविषयी अण्णाभाऊंनी फार थोडे लिहिले, पण जे लिहिले ते स्पष्ट होते. कल्पनेच्या पंखांनी उडण्याची कला आपल्याला येत नाही, असे त्यांनी एका ठिकाणी म्हटले आणि त्या बाबतीत स्वतःची तुलना बेडकाशी केली. आपण पाहिलेली, ओळखीची माणसेच आपल्या कथांत येतात, हा त्यांचा दावा होता. २ मार्च १९५८ रोजी दादर येथे भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणातही त्यांनी जीवनाच्या आधाराविना असलेल्या प्रतिभेला अंधारातल्या आरशाची उपमा दिली. ही उपमा चांगली आहे. आरशाच्या गुणवत्तेविषयी तिच्यात शंका नाही, फक्त उजेड बाहेरून यावा लागतो एवढेच म्हणणे आहे. मात्र त्यांचा बेडकाचा दाखला आपण शब्दशः घेऊ नये. प्रेताचा जबडा मिटतो त्याच वेळी खाण उघडते, ही जुळणी रस्त्यावर सापडत नाही. अनुभव ओळखीचा असेल. त्याला हा आकार देणारी बुद्धी कसलेल्या कथाकाराची आहे. मॅक्झिम गॉर्की हा त्यांचा आवडता लेखक होता, आणि त्यांना महाराष्ट्राचा गॉर्की म्हणण्याची प्रथा पडली. अशा पदव्यांचा तोटा असा की त्या दिल्यावर मूळ लेखक वाचण्याची गरज उरत नाही.

आता थोडे व्यवहाराविषयी. पक्षाच्या कलापथकाची धामधूम ओसरल्यावर अण्णाभाऊंचा चरितार्थ लेखणीवर आला. मागे पगार नाही, पेन्शन नाही, वडिलोपार्जित घर नाही. अशा लेखकाला हस्तलिखित पेटीत ठेवून मुरवता येत नाही. ते पूर्ण होताच त्याचे पैसे व्हावे लागतात आणि भाव ठरविणारा समोरचा माणूस असतो. साधारण वीस वर्षांत तीसवर कादंबऱ्या, म्हणजे वर्षाला दीड-दोन. कथा आणि इतर लेखन वेगळे. या वेगाची किंमत लेखनाने चुकविली, हे मान्य करण्यात अण्णाभाऊंचा अवमान नाही. त्यांच्या कित्येक कादंबऱ्यांत तोच राकट सज्जन नायक, तोच माजलेला सावकार किंवा पाटील आणि तीच शीलासाठी प्राण पणाला लावणारी रूपवती नायिका पुन्हा भेटते. उत्तरार्धात घटना अशा घाईने घडतात की लेखकाला छपाईची तारीख दिसत असावी असे वाटते. ‘फकिरा’ आणि ‘वैजयंता’ यांच्या लेखकाला अधिक संथपणे लिहिता आले असते तर, हा विचार मनात येतो खरा. पण संथपणा ही मुळात मिळकतीची बाब आहे, हेही विसरता येत नाही.

चित्रपटांनी थोडा आधार दिला असावा असे वाटेल. तमाशातील स्त्रीच्या जीवनावरील ‘वैजयंता’ १९६१ मध्ये गजानन जागीरदारांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आली. मग ‘फकिरा’ आला, इतरही आले. एकंदर सात कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले असे सांगतात. मराठीत इतके भाग्य थोड्या कादंबरीकारांना लाभले. तरीही या लेखकाचा पत्ता चिरागनगरच राहिला, यावरून काय ते समजावे.

समीक्षेनेही हात आखडता घेतला. तो काळ नवकथेचा होता. मनाच्या तळघरातील हालचाली, निवेदनाचे नवे प्रयोग, अर्धवट उच्चारलेली वाक्ये यांवर मराठी समीक्षक लुब्ध होते आणि ते स्वाभाविकही होते, कारण त्या कथेने खरोखरच नवे काही आणले. परंतु ज्या मोजपट्टीने गाडगीळ मोजले गेले, तिने अण्णाभाऊ मोजता येत नव्हते. त्यांचे पूर्वज पोवाड्यात आणि वगात होते. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला आणि पुढल्या दशकात दलित साहित्याची चळवळ उभी राहिली. तेव्हा अण्णाभाऊंचे नाव आद्यांमध्ये घेतले जाऊ लागले. मात्र तेथेही वाद झाला तो ते मार्क्सवादी की आंबेडकरवादी यावर. ‘स्मशानातील सोनं’ कसे रचले आहे, यावर फारसा नाही.

१९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. ज्या स्टालिनग्राडवर मुंबईत पोवाडा गायला तो देश त्यांनी पाहिला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. परत आले ते पुन्हा चिरागनगरला. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारकडून घर मिळाले. घाटकोपरहून गोरेगाव, म्हणजे मध्य रेल्वेच्या उपनगरातून पश्चिम रेल्वेच्या उपनगरात. वाटेगावहून निघालेल्या पायपिटीचा हा शेवटचा टप्पा. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ‘वारणेचा वाघ’ पडद्यावर आला तो पुढल्या वर्षी.

त्यानंतरचे सन्मान मोठे आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ मध्ये अर्जुन डांगळे यांच्या संपादनाखाली निवडक वाङ्मयाचा खंड काढला. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. चिरागनगरात स्मारक उभारण्याच्या घोषणाही झाल्या आहेत.

स्मारकात पुतळा असेलच. पण त्याच्या जोडीला एक साधी खोली असावी आणि तीत या लेखकाच्या कामाचा हिशेब लागावा. कोणती कादंबरी कोणत्या वर्षी लिहिली आणि कोणत्या वर्षी छापली, कोणती कथा प्रथम कोणत्या नियतकालिकात आली, पहिल्या आवृत्तीत आणि नंतरच्या आवृत्त्यांत मजकूर कोठे बदलला, हस्तलिखितांपैकी काय उरले आहे. कादंबऱ्या बत्तीस की पस्तीस, यावर अजून दोन अभ्यासकांची आकडेवारी जुळत नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात महाविद्यालये पुष्कळ आहेत आणि मराठीचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पाला विषय शोधीत असतात. हे काम लोकल गाडीच्या अंतरावर आहे.